ॲपवर ६० टक्के, टीव्हीवर वीज आणि रविवारी स्लॅब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुळे सोलापुरात घराचं काम काढलंय, येत्या रविवारी अकराशे स्क्वेअर फुटांचा स्लॅब टाकायचाय, एक ॲप दुपारी ४ ला ६० टक्के पाऊस दाखवतंय, दुसऱ्यावर नुसता सूर्य, आणि टीव्हीवर सोलापूरच्या नावाखाली ढग आणि वीज. मागच्या महिन्यात असंच ॲप बघून काम पुढं ढकललं, टिपूस पडला नाही, आणि मजुरांनी दिवस लावायचा तो लावलाच. म्हणून वैतागून विचारलंय की हे लोक फसवतात का, आणि नेमकं ऐकायचं कुणाचं.

आधी मी कोण ते सांगतो. गेली वीसेक वर्षं मी आपल्या जिल्ह्यात आणि धाराशिवच्या बाजूला स्वयंचलित हवामान केंद्रं बसवायची, दुरुस्त करायची कामं करतोय, आणि जोडीला द्राक्षवाल्यांना, बेदाणा शेडवाल्यांना रोज अंदाज सांगतो. मार्चमध्ये शेडमधल्या रॅकवर माल वाळत टाकलेला असतो, पंधरवड्याचं काम ते, त्यात पावसाचा शिंतोडा किंवा नुसती दमट हवा घुसली तरी बेदाणा काळा पडतो आणि भाव बसतो. त्यामुळं "आमच्या शेडवर पडंल का ओ?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता फोन उचलतानाच सांगतो, शेडवरचं मला कळत नाही, तालुक्यात पडण्यासारखी हवा आहे का ते विचारा.

तुमचंही तेच आहे. "रविवारी सोलापूरच्या आसपास वळीव होण्यासारखी हवा आहे का" याचं उत्तर आज गुरुवारी बऱ्यापैकी देता येतं. "माझ्या छतावर चार वाजता पडेल का" याचं उत्तर आज कुणाकडंच नाही, ना ॲपकडं, ना टीव्हीवाल्याकडं, ना पुण्याच्या वेधशाळेकडं. गडबड एवढीच की ॲप पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या कपड्यात दाखवतं, वर तुमच्या गल्लीचं नाव, खाली तासातासाचे आकडे, मग माणसाला वाटणारच की यांनी आपल्या घरावर कॅमेरा लावलाय.

त्या आकड्यामागं काय असतं ते बघा. हवामानाचं मॉडेल म्हणजे पृथ्वीवर चौकोनी जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनाला तापमान, वारं, बाष्प असा एकेकच आकडा द्यायचा. आपल्या हवामान खात्याचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनावर चालायचं, मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टीम आलं. ॲपवाले बहुतेक वेळा अमेरिकेचं किंवा युरोपचं मॉडेल घेतात, अमेरिकेचं १३ किलोमीटरच्या आसपास, युरोपचं ९. आता सोलापूर महापालिकेची हद्द आहे सुमारे १८० चौरस किलोमीटर. १२ किलोमीटरचा एक चौकोन म्हणजे १४४. म्हणजे बाळ्यापासून होटगी रोडपर्यंत आणि शेळगीपासून जुळे सोलापूरपर्यंत जवळजवळ अख्खं गाव एका चौकोनात बसतं आणि त्या सगळ्याला मिळून पावसाचा आकडा एक. मग ॲपवर तुमच्या घराचा आणि तुमच्या मेव्हण्याच्या घराचा अंदाज वेगळा कसा येतो? तर शेजारच्या दोन-चार चौकोनांचे आकडे घेऊन अंतराप्रमाणं सरासरी काढतात. दोन भांड्यांतली आमटी एकत्र करून तिसऱ्या भांड्यात ओतली तर तिसऱ्या घरी स्वयंपाक झाला असं होत नाही ना, तसंच. पत्ता घरापर्यंतचा आहे, माहिती तालुक्याएवढीच आहे.

तासांचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी मॉडेलचे आकडे तीन-तीन तासांच्या टप्प्यानं येतात आणि मधले तास ॲपवाला भरतो. म्हणून "४ वाजता" हे "दुपारी तीन ते संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान कधीतरी" असं वाचायचं. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. मोठी मॉडेलं ठरलेल्या वेळी चालवतात, मुख्य दोन वेळा म्हणजे आपल्या घड्याळानं पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, आणि त्यांचा हिशेब होऊन आकडे बाहेर पडायला पुढं काही तास लागतात. तुम्ही सकाळी आठला चहा पीत ॲप उघडता तेव्हा बऱ्याचदा काल संध्याकाळच्या हवेवर केलेला हिशेब बघत असता. दुसरं ॲप वेगळं मॉडेल किंवा वेगळी वेळ वापरत असेल तर तिथं सूर्य दिसणार. त्यात फसवणूक काही नाही, पण "हा दहा-बारा किलोमीटर रुंद आणि बारा तास जुना आकडा आहे" असं कुठं लिहिलेलं नसतं ही माझीही तक्रार आहे.

बरं, हे सगळं प्रत्येक पावसाला सारखंच लागू नाही. पाऊस कोणत्या जातीचा आहे त्यावर अवलंबून आहे आणि माझ्या मते सगळ्यात आधी हेच ओळखायला शिकायला पाहिजे.

ऑक्टोबर २०२० आठवतोय का? बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं मोठं क्षेत्र, १३ तारखेला सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगण ओलांडून १४ ला आपल्याकडं सरकलं, आणि पंढरपूरपासून अक्कलकोटपर्यंत सगळ्यांना झोडपलं. अशी सिस्टीम शेकडो किलोमीटर रुंद असते, मॉडेलच्या जाळीत तिचे शेकडो चौकोन पडतात, ती चुकवणं अवघड. अशा वेळी तीन-चार दिवस आधीचा अंदाजही मी डोळे झाकून धरतो, म्हणजे जिल्ह्यापुरता. तुमच्या ॲपलाही तेव्हा शाबासकी मिळते.

मे महिन्यातला वळीव ही दुसरी जात. सकाळपासून आभाळ निरभ्र, पारा ४१-४२, दुपारी दोनला तिकडं तुळजापूरच्या अंगाला कापसासारखे दोन ढग उठतात, तीनला त्यातला एक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर चढतो, चारला खालून काळा, साडेचारला धुरळा, पत्रे वाजतात, वीस मिनिटं धो धो, आणि साडेपाचला परत ऊन. एका ढगाचा सगळा जन्म तासाभराचा, फार तर थोडा जास्त, आणि रुंदी पाच-सात किलोमीटर. म्हणजे चौकोनापेक्षा पाऊसच लहान. मॉडेलला तो ढग दिसतच नाही, ते फक्त "या चौकोनात असले ढग उठण्याजोगी परिस्थिती आहे" असं गणित करतं आणि थोडा पाऊस सगळ्या चौकोनावर पसरून लिहितं. ॲपवर मे महिन्यात रोज दुपारी "०.८ मिलिमीटर" असलं काहीतरी दिसतं ना, ते हेच. ०.८ मिलिमीटर कुठंच पडत नाही, होटगी रोडला २५ पडतो आणि बाळ्यात शून्य.

आणि ढग नेमका कुठं उठणार हे कशावर ठरतं? कुठं जमीन जरा जास्त तापली, कुठं कालच्या पावसाची ओल आहे, हिप्परगा तलावावरून वारं कसं येतंय, आधीच्या ढगानं सोडलेली गार हवा कुठवर पोचली. एक ढग कोसळला की त्याच्या खालून थंड वारं बाहेर सुटतं आणि दहा-पंधरा किलोमीटरवर जाऊन दुसऱ्या ढगाला उचलतं. तुम्हाला पावसाआधी जो गार झोत आणि मातीचा वास येतो तो त्याचाच. कधी कधी फक्त झोतच येतो, पाऊस शेजारच्याकडं.

आपल्याकडं संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक होते, वर्षभराच्या पावसापाण्याचं बोललं जातं. पंचांगातही नक्षत्राचं वाहन म्हैस की उंदीर एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर कुणाची श्रद्धा असो नसो, पण कुणी वासराला जाऊन "रविवारी चारला पडंल का" असं विचारत नाही. ॲपला मात्र आपण मिनिटाचा हिशेब मागतो, आणि ॲपही बिचारं नाही म्हणत नाही.

आता ६० टक्क्यांचं. मी लोकांना विचारून बघितलंय, कुणी म्हणतं शहराच्या ६० टक्के भागात पडणार, कुणी म्हणतं दिवसातला ६० टक्के वेळ पडणार, एका बागायतदाराचं म्हणणं होतं की "६० म्हणजे फर्स्ट क्लास, पडणारच". अर्थ साधा आहे. असे दहा दिवस घेतले, ज्यांची हवा या रविवारसारखी आहे, तर त्यातल्या सहा दिवशी त्या जागी पाऊस पडेल, चार दिवशी नाही. हा आकडा कसा काढतात? तर उदाहरणार्थ युरोपचं केंद्र सुरुवातीची हवा जराजराशी बदलून तोच अंदाज ५१ वेळा काढतं, त्यातल्या समजा ३० वेळा तुमच्या चौकोनात पाऊस आला तर ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २१ वेळा नाही आला हे त्यातच आलं. मागच्या महिन्यात तुमच्याकडं पडला नाही म्हणजे अंदाज चुकला असं त्या एका दिवसावरून म्हणताच येत नाही. चुकला कधी म्हणायचं, तर वही घेऊन बसा, ॲपनं ज्या ज्या दिवशी ६० सांगितलं ते सगळे दिवस लिहा, आणि त्यातल्या दहापैकी दोनच दिवशी पडलं असेल तर ॲप खोटारडं. असली वही कुणी ठेवत नाही, आपण फक्त आपली भिजलेली आणि ढकललेली कामं लक्षात ठेवतो.

वही ठेवलीत तर एक सावधगिरी घ्या. "पाऊस" म्हणजे किती? ॲपच्या हिशेबात चार थेंबही पाऊसच असतात. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच त्याला पावसाचा दिवस मानतं. मे महिन्यातल्या तापलेल्या स्लॅबवर चार थेंब पडले तर वाफ होऊन जातात, तुमच्या कामाला काही होत नाही. म्हणून टक्क्यांसोबत मिलिमीटरही बघायचे.

टीव्हीचा मामला वेगळाच आहे. मुंबई-पुण्याच्या वेधशाळेकडून जे येतं ते जिल्ह्याचं असतं, आणि भाषा ठरलेली असते. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त. मे महिन्यात आपल्याला बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस" आणि सोबत पिवळा रंग येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आता आपला जिल्हा आहे जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, त्यात तुरळक ठिकाणी पाऊस म्हणजे तीन-चतुर्थांश जिल्हा कोरडाच राहणार हे त्या वाक्यातच लिहिलंय. पण टीव्हीवर जाताना "तुरळक" गळून पडतं, राहतं काय तर "सोलापूरला यलो अलर्ट, पुढचे ४८ तास महत्त्वाचे" आणि मागं ढोल वाजवल्यासारखं म्युझिक. अंदाज बरोबर असतो, मथळा नसतो. मी टीव्हीवर एवढंच बघतो की सोलापूरच्या आसपासचे लातूर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर हेही रंगलेत का. सगळे रंगले असतील तर सिस्टीम आहे, एकटं सोलापूर असेल तर वळीव.

उलटी गोष्टही लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला तेव्हा वरच्या अंगाला अहिल्यानगर, धाराशिव, बीडकडं झालेल्या पावसाचं पाणी माढा, मोहोळकडं आलं. नदीकाठच्या माणसानं फक्त स्वतःच्या गावाचं चिन्ह बघून उपयोग नसतो. असो, तुमचा प्रश्न छताचा आहे.

मग जवळचा अंदाज, म्हणजे पुढच्या दोन-तीन तासांचा, कुठून घ्यायचा? रडार. इथं मात्र गल्लीच्या जवळपास जाता येतं, कारण रडार अंदाज करत नाही, पडत असलेलं बघतं. सोलापूरला केगावच्या बाजूला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं रडार बसवलं, २०१८ आणि २०१९ ला इथं ढगात विमानं घालून कृत्रिम पावसाचा जो प्रयोग झाला त्यासाठी. (त्या प्रयोगाचा निकाल, १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस, बऱ्याच जणांना कमी वाटला. मला नाही वाटला, आपल्या भागात १८ टक्के म्हणजे ज्वारीचं एक पाणी.) हवामान खात्याच्या साईटवर रडारची चित्रं बघता येतात. बघताना पहिली नजर वेळेवर टाका, बऱ्याचदा वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवा, नाहीतर दुपारचा पाऊस तुम्ही सकाळचा समजाल. मग एकच चित्र बघू नका, मागची अर्ध्या तासाची चार-पाच चित्रं ओळीनं बघा, डाग वाढतोय का विरतोय, आणि कुठं सरकतोय. अर्ध्या तासात दहा किलोमीटर तुमच्याकडं आला असेल आणि अजून वीस किलोमीटर लांब असेल तर तासभर आहे हातात, एवढं साधं गणित. पण यात धरलेलं असतं की ढग तेवढा वेळ जगणार, आणि वळीव म्हटलं की ते निम्म्या वेळा खोटं ठरतं. म्हणूनच खातंसुद्धा तात्काळ अंदाज, ज्याला नाउकास्ट म्हणतात, तीन तासांपुरताच देतं.

रडारमध्येही खोच आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकत जाते, त्यामुळं १०० किलोमीटर लांबच्या ढगात तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर शिरतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरवर. तिथं थेंब असतात, खाली पोचतीलच असं नाही. आणि मे महिन्यात सोलापुरात ते बऱ्याचदा पोचत नाहीत. का ते सांगतो, ही माझी आवडती गोष्ट आहे. ॲपवर तापमानासोबत दवबिंदू दाखवतात, म्हणजे हवा कितीपर्यंत गार झाली की बाष्पाचं दव होईल ते तापमान, जेवढं जास्त तेवढी हवा दमट; त्याकडं कुणी बघत नाही. तापमानातून दवबिंदू वजा करा, उरलेल्या प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरा, ढगाचा तळ साधारण तेवढ्या उंचीवर असतो. समजा दुपारी ४१ आणि दवबिंदू १५, फरक २६, म्हणजे ढगाचा तळ सव्वातीन किलोमीटरवर. एवढ्या कोरड्या भट्टीतून खाली येता येता थेंब हवेतच सुकतात, लांबून ढगाला राखाडी झालर लोंबलेली दिसते पण जमिनीवर काही नाही, नुसतं वादळी वारं. तोच दवबिंदू २१-२२ असेल तर तळ खाली येतो, घाम वाळत नाही, आणि मग वळीव खरा बरसतो. माझा वापरातला ठोकताळा असा की मे महिन्यात सकाळी नऊला दवबिंदू १५ च्या खाली असेल तर सोलापुरात मी निवांत, २० च्या वर असेल तर शेडवाल्यांना पडदे सोडायला सांगतो. मधल्या आकड्यांना मी पण डोकं खाजवतो. शास्त्र म्हणून हे कुठं छापू नका, हा आपल्या भागातला अनुभव आहे, कोकणात याचा काही उपयोग नाही.

आणि "पडला की नाही" हेसुद्धा दिसतं तेवढं सोपं नसतं. आपल्याकडं महावेधची, म्हणजे राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याची, केंद्रं महसूल मंडळापर्यंत आहेत, राज्यात दोन हजारांहून जास्त, तरी एका मंडळात बारा-पंधरा गावं आणि केंद्र एकच. एकदा एका मंडळातून तक्रार आली की आमच्याकडं ओढे वाहिले आणि केंद्रावर पाऊस शून्य. गेलो, पर्जन्यमापकाचं नरसाळं उघडलं, तळाला कडुनिंबाची पानं, त्यावर चिमण्यांची घाण, ऊन लागून सगळं सिमेंटसारखं घट्ट. आत दोन छोट्या वाट्यांची तराजूसारखी जोडी असते, एक वाटी भरली की कलंडते, प्रत्येक कलंडण्याला ठराविक पाऊस मोजला जातो. वाटी कोरडी ठणठणीत होती आणि खालच्या पेटीत गांधीलमाशीनं घर केलेलं. काडीनं भोक मोकळं केलं, बाटलीतलं पाणी ओतलं, टक टक टक असा आवाज आला तेव्हा उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्या पीकविम्याचा हिशेब त्या शून्यावर होणार होता तो मात्र हसत नव्हता. तेव्हापासून एखादं केंद्र आसपासच्या चार केंद्रांपेक्षा फारच वेगळं बोलायला लागलं की मी आधी पक्ष्यांवर संशय घेतो. पेपरातला "सोलापूर ३२ मिलिमीटर" हा आकडाही काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठचा आणि एका केंद्रावरचा असतो, तुमच्या छतावरचा नाही.

तर आता रविवार. इथं अंदाजापेक्षा हिशेब कामाला येतो. काम ढकलायचा खर्च किती आणि भिजलं तर नुकसान किती, खर्च भागिले नुकसान करा, येईल तो तुमचा आकडा. पावसाची शक्यता त्यापेक्षा जास्त असेल तर ढकला, कमी असेल तर टाका. समजा ढकलायला ८ हजार जातात आणि ताजा स्लॅब धुऊन निघाला तर दुरुस्ती-कटकट धरून ४० हजार. भागाकार २० टक्के. म्हणजे ॲप ३० टक्के म्हणालं तरी ढकलणंच शहाणपणाचं, ६० तर सोडाच. मागच्या महिन्यात तुम्ही ढकललंत ते त्या दिवशीच्या माहितीवर बरोबरच होतं, पाऊस आला नाही हा भाग वेगळा. आकडे माझे काल्पनिक आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पण हे झालं काम दुपारपर्यंत लांबलं तर. वळीव आपल्याकडं सहसा दुपारी तीननंतरचा, सकाळी क्वचित. अकराशे फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे १३ घनमीटर, बीम वेगळे. मिक्सर-लिफ्टनं टाकलात तर संध्याकाळ होते, आरएमसी (प्लांटवरून गाडीतून येणारं तयार कॉंक्रीट) आणि पंप घेतलात तर तीनेक तासांचं काम आहे. पहाटे साडेपाचला पहिली गाडी लावली तर नऊ-साडेनऊपर्यंत उरकतं, आणि चार वाजेपर्यंत कॉंक्रीटला साडेसहा-सात तास मिळतात. मी सिव्हिलवाला नाही, किती वेळात किती घट्ट होतं हे तुमच्या इंजिनिअरला विचारा, सिमेंट कोणतं आणि त्यात काय मिसळलंय यावर ते आहे, पण या उन्हात तोवर वरचा थर धुऊन जाण्याची भीती बरीच कमी झालेली असते, उलट तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी पाऊस आला तर पाणी मारायचं वाचतं. आता परत भागाकार करा. नुकसान ४० हजारांवरून समजा ४ हजारांवर आलं, ढकलायचा खर्च ८ हजार तसाच. भागाकार २०० टक्के. एवढी शक्यता कुठलंच ॲप दाखवू शकत नाही, म्हणजे सकाळी लवकर उरकत असेल तर ६० टक्क्यांतही टाका. पंपाचं भाडं जास्त जाईल, पण ते एकदाच, आणि ४२ अंशांत भर दुपारी कॉंक्रीट टाकून भेगा पाडून घेण्यापेक्षा पहाटेचं काम तसंही बरं.

पंप परवडत नसेल, मिक्सरवरच करायचं असेल, तर शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे असं दोनदा बघा. ॲपचा आकडा प्रत्येक वेळी उड्या मारतोय, कधी २० कधी ७०, तर मॉडेललाच कळेना झालंय असं समजा आणि ढकला. सलग तीन-चार वेळा तोच सांगत असेल तर त्यात दम आहे. पहाटेचा दवबिंदू बघा. काम सुरू झालं तर छताच्या मापाचं मेणकापड आणि ते दाबायला विटा वर चढवून ठेवा, खाली गाडीत नको, कारण वळवाआधी जो झोत येतो त्यात कापड उलगडायला चार माणसं लागतात आणि मिळतात दहा मिनिटं. मधेच थांबावं लागलं तर जॉइंट कुठं द्यायचा हे इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आणि एक राहिलं, यात मात्र टक्केवारी बघायची नाही. छतावर सळया, लोखंडी पाईप, लिफ्टचा खांब, आणि सगळ्यात उंचावर उभी असलेली तुमची माणसं. आयआयटीएमचं दामिनी ॲप आहे, आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं, ते मुकादमाच्या फोनवर घालून द्या. गडगडाट कानावर आला की सगळ्यांना खाली उतरवायचं, शेवटचं घमेलं टाकू दे म्हणायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढवायचं नाही. कॉंक्रीटचं काय होईल ते होईल.

तुम्ही लिहिलं नाहीत की पंप आहे का मिक्सर, आणि बोळात आरएमसीची गाडी शिरते का. ते कळवा. शनिवारी संध्याकाळी नवीन आकडे आले की मी बघून इथंच लिहीन, पण नऊच्या आत विचारा, बेदाण्याच्या सीझनमध्ये रात्र रात्र जागून बुडालेली झोप मी मे महिन्यात भरून काढतो.